मास्तरांच्या क्लारनेटवरचं इंग्रजी गाणं

आधी माफी मागतो. मला गाण्यातलं काही कळत नाही. सा कुठला आणि रे कुठला, असं कुणी तोंडावर विचारलं तर मी आजही गप्प बसेन. आमच्या घरात लिहिणं म्हणजे सही करणं, आणि आजोबांना तीही येत नव्हती. अशा घरातल्या माणसानं इंग्लंडमधल्या एका जुन्या रॉक बँडच्या गाण्यावर लिहायला बसणं हा आगाऊपणा आहे, हे मला समजतं. बँडविषयी लिहायला जाणती माणसं आहेत. त्यांनीही या गाण्याविषयी काही लिहिलेलं मला सापडलं नाही, पण तो माझा अधिकार होत नाही.

तरी लिहितो, कारण त्या गाण्याची दुसरी एक प्रत होती. ती सोलापुरात वाजायची, रस्त्यावर. ती ऐकलेले लोक पुष्कळ आहेत, फक्त आपण काय ऐकलं हे त्यांना माहीत नाही.

गाण्याचं नाव देत नाही. दिलं तर तुम्ही ते फोनवर शोधाल, सापडेलही, आणि वाटेल की झालं, ऐकलं. मला सांगायचंय ते तिथं नाही.

मी केमचा. करमाळा तालुक्यातलं गाव. स्टेशन आहे, त्यामुळे बाहेर पडायला सोपं. बारावीनंतर सोलापूरला बी.ए.ला आलो आणि इंग्रजी विषय घेतला. कुणीतरी सांगितलं होतं की इंग्रजी घेतलं की नोकरी लागते. ज्यानं सांगितलं त्यानं स्वतः घेतलं नव्हतं. हॉस्टेलला नंबर लागला नाही म्हणून एका गल्लीत, घराच्या मागच्या बाजूची पत्र्याची खोली भाड्यानं घेतली. पुढच्या दोन खोल्यांत मास्तर आणि काकू राहायचे. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. लग्नाच्या बँडमध्ये क्लारनेटवर चाल उचलणाऱ्याला सगळे मास्तरच म्हणतात. दोघं आपसात कन्नड बोलायचे, माझ्याशी मराठी. मूलबाळ नव्हतं. मी कॉलेजातून आलो की काकू दारातूनच विचारायच्या, "ऊटा आयता?" जेवलास का, एवढंच. जेवलो म्हटलं तरी ताटलीत भाकरी आणि शेंगाची चटणी येऊन पडायचीच.

मास्तर बढाईखोर होते. "ह्या गल्लीतल्या निम्म्या पोरांच्या बापांना मी मांडवात नेलंय," ते सांगायचे. "माझं क्लारनेट लागल्याबिगर घोडं पाय उचलत न्हवतं."

"घोडं उचलत न्हवतं, का घोडेवाला पिऊन पडलेला असायचा?" काकू आतून विचारायच्या.

पण हे सगळं मागचं होतं. डीजेनं त्यांचं काम खाल्लं होतं. बँडमधली निम्मी माणसं दुसऱ्या धंद्याला लागली होती. मास्तरांसोबत तरुणपणापासून टिकलेला माणूस एकच, साइड ड्रम वाजवणारे चाचा. ते दखनी बोलायचे आणि मास्तरांच्या प्रत्येक बढाईला मान हलवायचे, कधी होकाराची, कधी नकाराची. बहुतेक दिवस दोघं ओट्यावर बसून सुपारीची, म्हणजे कुणीतरी लग्नाचं काम घेऊन येण्याची, वाट बघायचे.

वर्गात मला इंग्रजी समजायचं नाही. सर म्हणाले, कान तयार करा, ऐकत चला. बातम्या ऐकल्या, त्या फार वेगात जायच्या. मग गाण्यांकडे वळलो, कारण गाण्यात माणूस तीच ओळ पुन्हा म्हणतो. त्या बँडचं एक गाणं पोरांना माहीत होतं. ज्यांना इंग्रजी येत नाही तीही ते ओरडून म्हणायची. ते संपलं की फोन आपोआप त्यांचीच बाकीची गाणी लावत जायचा, आणि अगदी तळाशी हे होतं. रेकॉर्डच्या शेवटी टाकलेलं, फार थोड्यांनी ऐकलेलं.

सुरुवातीला नुसता ड्रम. जोरात नाही. कुणीतरी बंद दारावर हलकी थाप मारावी, थांबावं, पुन्हा मारावी, तसा. बराच वेळ तेवढंच. पहिल्यांदा मला वाटलं रेंज गेली आणि बाकीची वाद्यं लोड झाली नाहीत. मग गिटार येते, तीही एका कडेनं. बाकीच्या गाण्यांत घसा फाडणारा तो गायक इथं गात नाही, सांगतो. पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीचा अर्थ मला पहिल्याच दिवशी कळला, आणि कळला म्हणून मी गाणं परत लावलं. पोचलास की कळव, असं तो म्हणतो.

केमच्या स्टेशनवर आई मला हेच म्हणायची. इंग्लंडातला एक केस वाढवलेला माणूस आईची ओळ म्हणत होता. मला इतकं बरं वाटलं की ते सांगायची आता लाज वाटते.

शेवटी गिटारवाला काहीतरी मोठं वाजवणार असं वाटतं. तो उचलतो, ठेवतो. पुन्हा उचलतो आणि ठेवून देतो. नंतर पुन्हा ती थाप, आणि गाणं संपतं. ज्यांना गाण्यातलं कळतं त्यांना हे अपुरं वाटत असेल. मला ते खरं वाटलं. आमच्याकडंही स्टेशनवर कुणी फार बोलत नाही.

पत्र्यापलीकडून मास्तर रोज ऐकत होते. एक दिवस आत आले. "काय रे, ड्रमवाल्यानं सुपारी घेतली आन् बाकीचे आलेच न्हाईत व्हय?"

मी म्हटलं, येतात, थोडं थांबा. ते थांबले. फोन कानाला लावून सगळं गाणं उभ्यानं ऐकलं, मग म्हणाले, "परत." दोन-चार दिवसांनी त्यांच्या खोलीतून ती चाल क्लारनेटवर आली.

एकाचं गाणं दुसऱ्यानं आपल्या पद्धतीनं गाण्याला कॉलेजात कव्हर म्हणतात. मास्तर म्हणायचे, "उचललं." पण त्यांनी नुसतं उचललं नव्हतं. गायक जिथं एकाच सुरावर सपाट उभा राहतो, तिथं मास्तर त्या सुराला किंचित हलवायचे, झोपलेल्या माणसाच्या खांद्याला हात लावावा तसं. गायक 'कळव' ओठांतल्या ओठांत म्हणतो. मास्तर तो सूर वर न्यायचे आणि तिथंच धरून ठेवायचे, रस्त्यापलीकडच्या गॅलरीतल्या बाईला ऐकू जावा असा. चाचांनी सुरुवातीची थाप आधी ओट्यावर बोटांनी बसवली, मग काठ्यांनी. "ये अच्छा है," ते म्हणाले. "मास्तर को चुप बिठाने का गाना है. जब तक मैं बजारा, इनका मुं बंद."

बाहेर काढण्याआधी मास्तरांनी मला विचारलं, "गाणं कशाचं हाय? अर्थ कळल्याबिगर मी चाल रस्त्यावर आणत न्हाई."

मी सांगितलं. कुणीतरी प्रवासाला निघालाय आणि घरातला माणूस त्याला म्हणतोय, पोचलास की कळव.

"अरे, मग ही पाठवणीची चाल की!" मास्तर म्हणाले.

आणि पाठवणीलाच ती पहिल्यांदा वाजली, होटगी रस्त्यावरच्या एका कार्यालयात. मी सोबत गेलो होतो, जनरेटरपाशी उभा होतो. नवरी गाडीत बसली. तिची आई खिडकीला धरून म्हणत होती, "पोचल्यावर फोन कर गं, इसरू नको," आणि तिच्या डोक्यावरून क्लारनेट तेच म्हणत होतं. हे फक्त मला माहीत होतं. शिकल्याचा काहीतरी उपयोग झाला, असं मला कॉलेजच्या सगळ्या वर्षांत त्या एकाच दिवशी वाटलं. त्या हंगामात ती चाल पुष्कळ लग्नांत वाजली. डीजे असलेल्या घरांतही पाठवणीपुरतं मास्तरांना बोलावणं यायला लागलं. मास्तर नव्या पत्त्या घेऊन आले. पत्ती म्हणजे क्लारनेटच्या तोंडाशी बसते ती वेताची पातळ चीप. काकू म्हणाल्या, म्हाताऱ्याला नवे दात आले.

फोनवर त्या गाण्याच्या व्हिडिओखाली लोकांनी लिहिलेलं मी पुढं केव्हातरी वाचलं. फार नव्हतंच. एका बाईनं लिहिलं होतं की वडिलांना पुरलं त्या दिवशी आम्ही हे लावलं. कुणी लिहिलं होतं की गायकाचा थोरला भाऊ समुद्रात बुडाला, त्याच्यासाठी त्यानं हे केलं. खरं-खोटं मला माहीत नाही. मी गाणं पुन्हा लावलं. तिसऱ्या कडव्यात तो म्हणतो, तुझे बूट इथं दारातच आहेत. ही ओळ मी पहिल्यापासून ऐकत होतो, शब्दन् शब्द समजत होता. पण माझ्या डोक्यात त्यात काही वावगं नव्हतं. आमच्याकडं माणसं अनवाणी निघतात. सोलापुरातून तुळजापूरला कितीतरी जण अनवाणी चालत जातात, माझी चुलती गेली होती, तिच्या चपला दारातच होत्या. मला वाटलं होतं, नवस असेल. बूट मागं ठेवून त्या थंडीच्या देशात कोण कुठं निघतो, हा प्रश्न मला पडलाच नाही.

मी मास्तरांना सांगितलं. न सांगून चाललं नसतं, कारण त्यांनी मला अर्थच विचारला होता.

ते क्लारनेट पुसत होते. पुसतच राहिले. मग मला म्हणाले, "किती पोरींना वाजवलं रे आपण?"

मी बोटांवर लग्नं मोजायला लागलो.

पुढचे काही दिवस मास्तर आणि चाचा सकाळी बाहेर पडायचे आणि दुपारी घामाघूम होऊन यायचे. कुठं जातात ते सांगायचे नाहीत. काकूंनी मला सांगितलं. ज्या ज्या घरी ती चाल वाजली होती, त्या त्या घरी काहीतरी निमित्त काढून दोघं पोरीची चौकशी करत होते. सगळ्या सुखरूप होत्या. एकीला दिवस गेले होते, त्या घरी यांना चहा आणि पेढा मिळाला.

"मग काय हरकत आहे?" मी विचारलं. "सगळं चांगलंच झालंय की."

"देवानं चूक पोटात घातली," मास्तर म्हणाले. "म्हणून काय परत करायची?"

बँडवाल्यांत एक नेम आहे. मयताला वाजते ती चाल लग्नात वाजवायची नाही. आणि घरात तर नाहीच. तालीम नाही, गुणगुणणंही नाही. ती घराबाहेर पडल्यावर, गेलेल्याच्या पुढं चालताना वाजवायची आणि तिकडंच सोडून यायची. मास्तरांनी एका शब्दात ते गाणं लग्नाकडून उचलून मयताकडं ठेवलं. पत्र्यापलीकडून ते पुन्हा कधी आलं नाही. मीही फोनवर लावलं की काकू दारात येऊन उभ्या राहायच्या. मग मी कानात घालून ऐकायला लागलो.

तिकडं ते पहिल्यांदा वाजलं एका वाण्याच्या मयताला. लिंगायत घर. त्यांच्यात गेलेल्याला झोपवत नाहीत. मांडी घालून, फुलांनी सजवलेल्या विमानात, म्हणजे खांद्यावरच्या पालखीत, बसवून नेतात. म्हातारा भस्म लावून बसला होता, जणू अजून दुकान उघडायचंय. गल्लीच्या तोंडाशी चाचांनी ती थाप सुरू केली. बराच वेळ तेवढीच. माणसं चालायला लागली. मग क्लारनेट आलं.

मी विमानाच्या बाजूनं चालत होतो. दुमडलेल्या पायांचा एक तळवा फुलांतून दिसत होता, अनवाणी. आणि 'कळव'वर मास्तरांनी सूर वर नेला तेव्हा मला ते गाणं कळलं. इंग्रजीतलंसुद्धा तेव्हाच कळलं. फोनमधला तो माणूस एका बंद खोलीत गात होता. त्याला कुणाच्या मागं चालायला मिळालं नव्हतं. मास्तरांच्या वाजवण्यात चालणं होतं. मूळ गाणं कमी आहे असं मला म्हणायचं नाही. त्याच्यातली ती बंद खोलीही मला तेव्हाच दिसली.

त्यानंतर लोक मागायला लागले. "ती इंग्रजी चाल लावा," म्हणायचे. पूर्व भागातल्या विणकरांच्या तेलुगू घरांतूनही बोलावणं यायचं. ज्या गाण्याला त्याच्या देशात कुणी विचारलं नाही, ते सोलापुरात लोक आपल्या माणसाच्या शेवटच्या वाटेवर मागून घेत होते. आनंद व्हायला हवा होता. मला झाला नाही. मला ते ऐकायचं असायचं, आणि ऐकायचं तर कुणीतरी जायला हवं होतं. कॉलेजला जाताना कुठं ड्रमची थाप ऐकू आली की पाय तिकडं वळायचे. लग्न निघालं की मन खट्टू व्हायचं. असं मन घेऊन मी वर्गात बसायचो आणि सर कविता शिकवायचे.

एकदा मयतातच मी फोन काढला, रेकॉर्ड करावं म्हणून. मास्तरांनी क्लारनेट ओठांवरून खाली घेतलं. चाल तुटली, चाचा एकटेच वाजवत राहिले. "खाली ठेव तो," मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले. "शूटिंग काढतोय! लग्न हाय का ते?"

नंतर ओट्यावर मी म्हटलं, निदान कुणाला तरी शिकवा. तुमच्या ट्रंपेटवाल्याला शिकवा.

"कुटं शिकवू? घरात वाजवायची न्हाई. मयताच्या पुढं क्लास घेऊ? मेलेल्याला सांगू, जरा दम खा, पोराचं चुकतंय?"

चाचा हसले. मास्तर हसायला गेले आणि त्यांना खोकला आला. तो बराच वेळ थांबला नाही.

खोकला आधीही होता. काकू म्हणायच्या थंड पाण्यानं होतो. मग डॉक्टर झाले, फोटो झाले, छातीत काहीतरी होतं ज्याचं नाव मास्तर घेत नसत. मला ते सुरावरून कळत गेलं. 'कळव'चा तो वरचा सूर पहिल्यांदा रस्त्यावरच्या एका विजेच्या खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत टिकायचा. मग तो मधल्या पानपट्टीपर्यंतच पुरायला लागला. मग तिथपर्यंतही नाही. सूर संपला की चाचा एक थाप जास्तीची मारून ती जागा भरायचे, लोकांना कळू नये म्हणून. मला कळायचं. ती चाल सगळ्या जगात एका माणसाच्या दमात होती, आणि तो दम मी प्रत्येक मयतात थोडा कमी झालेला ऐकत होतो.

बी.ए. झालो. मार्क असे पडले की नापास नाही आणि उपयोगही नाही. केमला परत आलो. दिवसा रानात, संध्याकाळी स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात. आई लोकांना सांगते की पोरगा परीक्षा देतोय. देतो आहेच. निघायच्या दिवशी मास्तर रिक्षा करून सोलापूर स्टेशनवर आले होते, जिना चढवला नाही म्हणून खालीच बसले. मी नको म्हणत असताना काकूंनी बांधून दिलेली भाकरी माझ्या हातात दिली. म्हणाले, "पोचलास की कळव."

नेहमीसारखंच म्हणाले, जसं कुणीही म्हणतं. मी केमला उतरल्या उतरल्या फोन केला. "बरं," म्हणाले, आणि खोकले.

मधल्या काळात एकदा मी त्या व्हिडिओखाली लिहायला घेतलं होतं. आमच्या सोलापुरात एक मास्तर हे गाणं क्लारनेटवर वाजवतात, असं. इंग्रजीत चार ओळी जुळवल्या, वाचल्या आणि पुसल्या. वाचून कुणी म्हणालं असतं, ऐकवा. तर काय ऐकवणार होतो? पुढं रिचार्जविना माझं सिम बंद पडलं. नवीन घेतलं. काहीतरी चांगलं सांगण्यासारखं झालं की मास्तरांना नव्या नंबरवरून फोन करू, असं ठरवलं. सांगण्यासारखं काही होत नव्हतं.

परवा दुकानात असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. मागं बँडचा गलका होता.

"तू वोच है ना, इंग्लिश गानेवाला?"

चाचा होते. एका लग्नाच्या सुपारीवर जेऊरला आले होते. तिथं वाढपी म्हणून आमच्या गावचा एक जण भेटला, त्याच्याकडून माझा नंबर घेतला.

"कितना ढूंड्या रे तेरेकू. वो नंबर तो लग्याच नै."

"मास्तर कसे आहेत?" मी विचारलं.

ते गलक्यातून बाहेर चालत गेले असावेत. मागचा आवाज कमी झाला.

"मास्तर गए बेटा. दिवाळी के पैले."

माझ्या तोंडून जे निघालं ते वेगळंच होतं. काकू कशा आहेत, हेही मी नंतर विचारलं. आधी विचारलं, "ती चाल कोणी वाजवली?"

"कौन बजाता? उनके सिवा आतीच किसकू थी?" चाचा म्हणाले. "काकी बोले, बजाव. तो मैं घर के सामने शुरू का ठेका पकड्या. सोच्या, कोई तो उठाएगा. ट्रंपेटवाला मेरी तरफ देखे, मैं उसकी तरफ. गल्ली खतम हुई. रोड आया. मैं ठेका छोड्याच नै."

"कुठपर्यंत?"

"स्मशान तक," ते म्हणाले. "शुरू काच बजाया रे. पूरे रास्ते, शुरू काच."